मान हलली म्हणजे समजलें काय?

सायंकाळीं औषधाच्या दुकानापुढें गर्दी असते. रस्त्यावर गाड्यांचे भोंगे वाजत असतात, आंत पंखा घरघरत असतो. अशा वेळीं एखादे वृद्ध गृहस्थ डॉक्टरांची चिठ्ठी पुढें करतात. औषधविक्रेता कपाटाकडे तोंड करून गोळ्या काढतां काढतां त्या कशा घ्यावयाच्या तें सांगतो. गृहस्थ मान हलवितात, पैसे देतात आणि पायऱ्या उतरतात. व्यवहार पुरा झाला असें दोघांनाही वाटतें. परंतु त्या होकाराचा अर्थ 'समजलें' असा असतोच असें नाहीं. पुष्कळदां त्याचा अर्थ 'पुन्हां विचारावयाची लाज वाटते' एवढाच असतो.

या लाजेची किंमत कधीं कधीं फार मोठी पडते. संधिवाताच्या कांहीं प्रकारांवर मेथोट्रेक्सेट नांवाचें औषध देतात. तें आठवड्यांतून एकाच दिवशीं घ्यावयाचें असतें. 'आठवड्यांतून' हा एक शब्द कानांतून निसटला आणि रोगी तें रोज घेऊं लागला, तर तोंडांत व्रण पडतात, हाडांच्या मज्जेंत रक्त तयार होण्याचें काम मंदावतें, आणि प्रसंगीं प्राणावर बेततें. औषध योग्य, चिठ्ठीही बिनचूक. चुकलें तें केवळ ऐकणें.

हें संकट थोड्यांचें नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालाप्रमाणें जगांत १५० कोटींहून अधिक माणसांना कमीअधिक श्रवणदोष आहे, आणि त्यांपैकीं सुमारें ४३ कोटींना उपचाराची किंवा साहाय्याची गरज आहे.

वार्धक्यांतील बहिरेपण बहुधा उंच पट्टीच्या ध्वनींपासून सुरू होतें. बोलणाऱ्याचा आवाज ऐकूं येतो, पण स, श यांसारखीं व्यंजनें गळतात. 'साठ' चें 'आठ' होतें. म्हणूनच ओरडण्यानें काम भागत नाहीं. ओरडतांना स्वर मोठे होतात, व्यंजनें मात्र अस्पष्टच राहतात, ओंठांची ठेवण बिघडते, आणि रोग्याचें दुखणें भरल्या दुकानांत सर्वांना कळतें. ओंठ पाहून शब्द ओळखण्यालाही मर्यादा आहेत. प, ब आणि म उच्चारतांना ओंठ सारखेच मिटतात. त्यामुळें 'पाप', 'बाप' आणि 'माप' हे शब्द पाहणाऱ्याला एकच भासतात. २०२० च्या साथींत मुखपट्टी आली तेव्हां तर तोही आधार गेला.

मग करावें काय? उपाय साधे आहेत. औषधविक्रेत्यानें रोग्याकडे तोंड करावें, आपल्या चेहऱ्यावर उजेड पडेल असें उभें राहावें, आणि गोंगाटापासून जरा बाजूला होऊन मध्यम आवाजांत सावकाश बोलावें. एखादें वाक्य समजलें नाहीं तर तेंच पुन्हां न म्हणतां निराळ्या शब्दांत सांगावें. मात्रा आणि वेळ लिहून द्यावी: 'फक्त सोमवारीं, एक गोळी.' ज्याला वाचतां येत नाहीं त्याला पाकिटावर काढलेला सूर्य किंवा चंद्र पुरतो. जन्मतः बहिऱ्या माणसाची पहिली भाषा हातांच्या खुणांची असूं शकते, आणि लिखित मराठी त्याला अवघड वाटण्याचा संभव असतो. म्हणून लिहावयाचें तें अगदीं थोडक्यांत. सोबत मुलगा किंवा सून आली असली तरी बोलणें रोग्याशींच व्हावें, कारण औषध त्याच्याच पोटांत जावयाचें आहे.

घरच्या मंडळींनाही यांत काम आहे. 'मला कमी ऐकूं येतें, लिहून द्या,' हें वाक्य दुकानांत पाऊल टाकतांच म्हणावयाला आजोबांना वा आजींना धीर द्यावा. चष्मा लावणाऱ्याला जसा संकोच वाटत नाहीं, तसा यांतही वाटण्याचें कारण नाहीं.

भारतांत औषधव्यवसायाच्या २०१५ च्या विनियमांत रोग्याला औषधाविषयीं समजावून देणें हें नोंदणीकृत औषधविक्रेत्याचें कर्तव्य मानलें आहे. तें पार पडलें कीं नाहीं हें ओळखण्याची एक सोपी खूण आहे. 'समजलें ना?' असें विचारूं नये. त्याचें उत्तर ठरलेलें असतें. 'ही गोळी घरीं कशी घ्याल, तें सांगा पाहूं,' असें विचारावें. 'सोमवारीं, एकच,' असें उत्तर त्या वृद्ध गृहस्थांनीं आपल्या तोंडानें दिलें, म्हणजे मग त्यांनीं खुशाल पायऱ्या उतराव्यात.