बेल व्ह्यूचा शनिवार



१९७६ साली आम्ही मँचेस्टर येथे नोकरीस होतो. शनिवारी सायंकाळी शेजारचे एक वृद्ध गृहस्थ आम्हांस बेल व्ह्यूच्या हाइड रोड मैदानावर स्पीडवेच्या शर्यतींस नेत. चार स्वार, चार फेऱ्या, आणि मोटारसायकलींना ब्रेकच नाही! वळणावर माती अंगावर उडे, जळत्या एरंडेलाचा वास दरवळे. (हेच एरंडेल लहानपणी आम्ही नाक दाबून प्यालो!) त्या वर्षी बेल व्ह्यूचा पीटर कॉलिन्स जगज्जेता झाला. एरवी आमच्याशी न बोलणारी माणसे त्या गर्दीत खांद्यावर हात टाकीत.

१९८७ साली ते मैदान बंद पडले. २०१९ साली नातवासह नव्या मैदानावर गेलो. बैठका उत्तम, शर्यती चुरशीच्या. पण शेजारच्या खुर्च्या रिकाम्या. नातवाने अंगावरची माती झटकली. आम्ही ती तशीच राहू दिली.