बिबट्या, ऊस आणि बाईची वाट

(चाकण परिसरातील महिला मंडळे व बचत गटांच्या एकदिवसीय शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



आज सकाळी घरातून निघताना 'अंधार पडायच्या आत परत येते' असं किती जणींनी सांगितलं? बघा, जवळजवळ सगळ्यांचे हात वर आहेत. हे वाक्य आपल्याला नवं नाही. आईने आपल्याला शिकवलं, आपण मुलींना शिकवतो. पूर्वी भीती असायची ती दारू पिऊन रस्त्यात उभ्या असलेल्या माणसांची. आता त्यात बिबट्याची भर पडली आहे.

मी समाजकार्याचं शिक्षण घेतलं तेव्हा वन्यप्राणी हा विषय आमच्या अभ्यासात नव्हता. हुंडा, मारहाण, पोटगी, रेशनकार्ड ही माझी रोजची कामं. पण गेल्या काही वर्षांत बायका माझ्याकडे येतात आणि बोलता बोलता बिबट्याचा विषय निघतोच. अशीच एक ताई. मराठवाड्यातून नवऱ्याबरोबर आलेली, चाकणजवळच्या गावात भाड्याच्या खोलीत राहणारी, कारखान्यात कंत्राटी कामगार. पहिल्या पाळीसाठी पहाटे पाचला निघायची. कंपनीची बस हमरस्त्यावर थांबायची आणि तिथवर उसाच्या कडेने एक किलोमीटर चालावं लागायचं. एका पहाटे तिने बिबट्या रस्ता ओलांडताना पाहिला. बस आत गावापर्यंत आणा, असं तिने ठेकेदाराला सांगितलं. उत्तर मिळालं, 'जमत नसेल तर घरी बसा.' नवराही तेच म्हणाला. ती घरी बसली. बिबट्याने तिला ओरखडासुद्धा काढला नाही, पण तिचा पगार गेला.

मग मला प्रश्न पडला, हा बिबट्या आला कुठून? लोक म्हणतात, जंगल तुटलं म्हणून तो गावात आला. ही गोष्ट अर्धीच खरी आहे. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या तालुक्यांचा पूर्वेकडचा भाग मुळात कोरडवाहू. तुमच्यापैकी ज्या इथल्याच आहेत त्यांच्या आज्यांनी बाजरी, मटकी, हुलगा काढलेला आहे. कुकडी प्रकल्पाची धरणं झाली: येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे, पिंपळगाव जोगे. आपल्या खेडमध्ये चासकमान झालं. कालव्याला पाणी आलं, पाण्यामागून ऊस आला, उसामागून साखर कारखाने आले. ऊस वर्ष-दीड वर्ष उभा असतो. आत सावली, गारवा, जवळ पाणी, माणसाची वर्दळ नाही. आपल्याला ते पीक दिसतं, बिबट्याला लपायला जागा दिसते. मादी तिथेच विते. ऊसतोडीच्या वेळी पिल्लं सापडतात ती म्हणूनच. उसात जन्मलेल्या बिबट्याला 'तुझ्या जंगलात परत जा' म्हणून कसं चालेल? त्याच्या आईनेही कदाचित जंगल पाहिलेलं नाही.

आणि खायला काय? शेजारच्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेतीच्या भागात कॅमेरे लावून अभ्यास केला, तो २०१३ साली प्रसिद्ध झाला. जिथे हरणं-सांबरं नाहीत अशा त्या भागात १०० चौरस किलोमीटरला सुमारे पाच मोठे बिबटे आढळले. तिथल्याच पुढच्या अभ्यासात दिसलं की त्यांच्या खाण्यात सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा आहे. कुत्री कशावर वाढतात? आपल्या उकिरड्यांवर.

इथे आपला औद्योगिक पट्टा येतो. पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला. पुढे औद्योगिक वसाहत भोसरी, चिंचवड, तळवडे करत चाकणपर्यंत आली. माळरानं गेली, टेकड्या फोडल्या, खोल्यांच्या चाळी आणि ढाबे उभे राहिले, पण कचऱ्याची सोय त्या वेगाने झाली नाही. कचऱ्यावर कुत्री, कुत्र्यांमागे बिबट्या. मार्च २०२२ मध्ये चाकणच्या एका मोठ्या मोटार कारखान्यात बिबट्या शिरला आणि काम थांबवून त्याला बेशुद्ध करून पकडावं लागलं. म्हणजे आपण पाणी फिरवलं, पीक बदललं, कचरा टाकला आणि बिबट्याने त्याप्रमाणे आपलं जगणं बदललं. आता त्याच्यामुळे आपलं बदलतं आहे.

मग पकडून न्या की दूर, असं आपण म्हणतो. तेही करून झालं आहे. जुन्नर वनविभागात २००१ पासून मोठ्या प्रमाणावर बिबटे पकडून दुसरीकडे सोडले गेले. नंतरच्या अभ्यासात दिसलं की त्याआधी माणसांवर वर्षाला सरासरी चार हल्ले होत, ते १७ वर गेले. ओळखीचा मुलूख सुटलेला, पिंजऱ्यात जखमी झालेला प्राणी अनोळखी गावांत भटकतो आणि त्याची जागा दुसरा घेतो.

हे ऐकून एखादी म्हणेल, ताई, तुम्ही प्राण्याची बाजू घेता. नाही. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूरच्या पिंपरखेड परिसरात तीन आठवड्यांच्या आत पाच वर्षांची मुलगी, एक म्हातारी आजी आणि तेरा वर्षांचा मुलगा बळी गेले. लोकांनी महामार्ग अडवला. माणसं मारणाऱ्या बिबट्याला अखेर गोळी घालण्यात आली. तो संताप रास्तच होता. त्या भागात बायका गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून शेतात जाऊ लागल्या. धनगराच्या कुत्र्याच्या गळ्यात असतो तसा पट्टा बाईने घालून खुरपायला बसायचं! ही आपली प्रगती का?

आता नीट पाहू या, बळी कोण जातं. वाकून गवत कापणारी, खुरपणारी, पहाटे परसाकडे जाणारी बाई. फडाच्या कडेला खेळणारं ऊसतोड कामगाराचं लेकरू. वाकलेलं किंवा लहान माणूस बिबट्याला भक्ष्यासारखं दिसतं. त्यात शेतीची वीज रात्रीची, म्हणून पाणी द्यायला अंधारात जायचं. म्हणजे कोणाचा जीव जाणार हे एकटा बिबट्या ठरवत नाही. विजेचं वेळापत्रक, संडास, पाळणाघर, बसचा थांबा हेही ठरवतात. आणि ही सगळी माणसांनी घेतलेली ठरावं आहेत, ती माणसांना बदलता येतात.

नुकसानभरपाईचंही तसंच. माणूस दगावला तर शासन २५ लाख रुपये देतं. गाय-शेळी मेली तरी मदत मिळते, पण ४८ तासांत वनखात्याला कळवावं लागतं. शेळी पाळते बाई, चारा आणते बाई, पण अर्जावर नाव आणि बँकेचं खातं कोणाचं? शेळीचे पैसे घरातल्या पुरुषाच्या खात्यावर गेले आणि तिच्या हाती दावं उरलं, हे मी पाहिलं आहे.

आपल्या पश्चिमेकडच्या महादेव कोळी गावांत वाघबारस होते, वाघदेवाला नैवेद्य दाखवतात. त्या लोकांना वाघाची भीती नव्हती असं नाही. तो शेजारी आहे हे धरून ते राहत होते, गुरं कुठे बांधायची, कधी परतायचं हे ठरवत होते. आपल्याला तीच शहाणीव आजच्या साधनांनी आणायची आहे.

म्हणून मागण्या ठरवू. शेतीला दिवसा वीज. कंपनीची बस कामगार वस्तीच्या तोंडापर्यंत, कंत्राटी बायकांसाठीसुद्धा. वाटेवर दिवे, घराजवळच्या उसात आणि वाटेत मोकळा पट्टा. घरोघरी वापरता येईल असा संडास. ऊसतोडीच्या तळावर पाळणाघर. ग्रामपंचायतीने कचरा उचलणं. शेळ्यांना बंदिस्त गोठा आणि भरपाई पाळणारीच्या नावावर. एकही मुलगी बिबट्याच्या नावाखाली शाळेतून काढली जाणार नाही, यावर लक्ष.

यातली एकही मागणी 'बाईने घरी बसावं' अशी नाही, हे ध्यानात घ्या. भीती खरी असते, पण तिचा उपयोग आपल्याला कोंडण्यासाठी फार लवकर होतो. ग्रामसभेच्या आधी महिलांची ग्रामसभा घेण्याची तरतूद आहे. तिथे हे ठराव मांडा, इतिवृत्तात लिहून घ्या, सही झाल्याशिवाय उठू नका. त्या ताईला मी आजच्या शिबिराला बोलावलं होतं. ती आली आहे, मागे बसली आहे. तिच्या गावचा पहिला ठराव बसच्या थांब्याचा असेल, आणि तो तीच मांडणार आहे.