आज्ञावली की आकडेवारी?

(वणी येथे कार्यकर्ते व विद्यार्थी यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



बारावीचा निकाल लागला की सप्तशृंगीच्या पायथ्याच्या या गावात आणि भोवतालच्या खेड्यांत अलीकडे एक नवा प्रश्न घरोघर निघतो. संगणक अभियांत्रिकीला जावे, की डेटा सायन्सला? द्राक्षबागायतदाराच्या घरी तो निघतो, तसाच टोमॅटोच्या खुडणीला जाणाऱ्या मजुराच्या घरीही निघतो. फरक एवढाच की, निवड चुकली तर पहिल्या घरी एक वर्ष वाया जाते आणि दुसऱ्या घरी कर्जाचे हप्ते पुढली कित्येक वर्षे मानेवर बसतात. म्हणून ‘हा पोरांच्या नोकरीचा प्रश्न, त्यात चळवळीचे काय?’ असे म्हणून कार्यकर्त्याने तो बाजूला सारू नये. कोणते ज्ञान कोणत्या वर्गाच्या हाती जाते, हा राजकारणाचाच प्रश्न आहे.

या दोन व्यवसायांतील भेद प्रथम नीट समजून घेतला पाहिजे, कारण प्रवेशाच्या जाहिराती तो मुद्दामच धूसर ठेवतात. सॉफ्टवेअर अभियंता यंत्राला आज्ञा लिहून देतो. बँकेचे खाते, एसटीचे आरक्षण, संगणकावर निघणारा सातबारा, ही सारी त्याने रचलेली कामे. त्याची आज्ञा बरोबर की चूक, हे बहुतेक वेळा तपासून सांगता येते. विदाशास्त्रज्ञाचे, म्हणजे डेटा सायन्सवाल्याचे, काम निराळे. तो जमलेल्या नोंदींतून अनुमान काढतो. त्याचे उत्तर ‘असेच आहे’ असे नसते, ‘असे असण्याचा संभव इतका आहे’ असे असते. आणि त्याचा पुष्कळसा दिवस अनुमानात नव्हे, तर अर्धवट, दुबार, चुकीच्या नोंदी निवडण्यात जातो. हे मात्र कोणत्याही जाहिरातीत छापलेले नसते.

‘सॉफ्टवेअर अभियांत्रिकी’ हे नाव १९६८ साली जर्मनीत गार्मिश येथे भरलेल्या परिषदेने रूढ केले. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसचा आरंभही त्याच वर्षीचा. डेटा सायन्सची पाटी त्यामानाने नवी, गेल्या पंधरा वर्षांत झळकलेली. परंतु पाटी नवी असली, तरी आतली विद्या जुनी आहे. तिचे नाव संख्याशास्त्र, आणि ती महाराष्ट्राला परकी नाही. पुणे विद्यापीठात प्रा. हुजूरबाजार यांनी १९५३ साली संख्याशास्त्राचा विभाग उभा केला. धनंजयराव गाडगीळांनी गोखले संस्थेतून वाई तालुक्यातील शेतीव्यवसायाची पाहणी त्याच्याही आधी केली होती.

पण वणीच्या शेतकऱ्याला सर्वांत जवळचे उदाहरण डॉ. पां. वा. सुखात्मे यांचे आहे. सातारा जिल्ह्यातील बुध गावी १९११ साली जन्मलेल्या या गृहस्थाने एका साध्या वाटणाऱ्या प्रश्नात वर्षे घातली. एखाद्या प्रदेशात पीक किती आले, हे मोजायचे तर चिठ्ठ्या टाकाव्या तशी काही शेते निवडायची, त्यांत एक तुकडा आखायचा, तेवढेच पीक कापून तोलायचे. हा तुकडा केवढा असावा? लहान तुकडा स्वस्त पडतो. सुखात्म्यांनी १९४६ साली दाखवून दिले की, फार लहान तुकडा घेतला तर उत्पन्न वास्तवाहून अधिक दिसते. आखताना कडेवरची रोपे आत धरली जातात, आणि तुकडा जितका लहान तितका त्या कडेचा वाटा मोठा. महालनोबिसांसारख्या ज्येष्ठाचा कल लहान तुकड्यांकडे होता. त्यांच्याशीही सुखात्म्यांनी हा वाद घातला.

कडेवरच्या चार रोपांचे एवढे काय, असे कोणी विचारील. आज पंतप्रधान पीकविमा योजनेची भरपाई ज्या सरासरी उत्पन्नावर ठरते, ते उत्पन्न मुख्यतः याच पीककापणी प्रयोगांतून निघते, आणि महाराष्ट्रात मुख्य पिकांसाठी हिशोब महसूल मंडळाचा धरला जातो. सरासरी फुगली की भरपाई आटते. मंडळातील हजारो शेतकऱ्यांचे भवितव्य मोजक्या तुकड्यांच्या तोलावर टांगलेले असते. पण तो तुकडा कसा आखला, हे पाहायला शेतकऱ्याच्या बाजूने उभा राहणारा जाणता माणूस किती गावांत असतो? २०२३ साली कांद्यावर आधी निर्यातशुल्क आले, डिसेंबरात निर्यातबंदी आली, ती मे २०२४ पर्यंत चालली. अशा निर्णयांच्या मुळाशी उत्पादनाचे अंदाज असतात. सरकारपाशी अंदाज होता, व्यापाऱ्यापाशीही होता. ज्याने कांदा पिकवला त्याच्यापाशी घोषणा होती.

दोन्ही व्यवसाय एकमेकांवाचून कसे लंगडे पडतात, हे २०१७ च्या कर्जमाफीने दाखवले. छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजनेत दीड लाखापर्यंतचे कर्ज माफ व्हायचे होते. अर्ज संगणकावर भरून घेतले. दिवाळीच्या तोंडावर काही शेतकऱ्यांना समारंभपूर्वक प्रमाणपत्रे दिली. आणि नंतर याद्यांचा घोळ उघडा पडला. बँकांकडून आलेल्या नोंदींत एकाच आधार क्रमांकावर अनेक नावे होती. यंत्राने सांगितलेले काम केले, पण नोंदी खोट्या की खऱ्या हे त्याला कोण सांगणार? आज्ञावली लिहिणाऱ्याला आकडेवारीचा संशय घेता आला पाहिजे, आणि आकडेवारी वाचणाऱ्याला आज्ञावली लिहिता आली पाहिजे. ‘ग्रीन लिस्ट’ची वाट पाहत बसलेल्या शेतकऱ्याला या दोन विद्यांतील सीमारेषेशी काही देणेघेणे नव्हते.

आता पोटापाण्याचे. सॉफ्टवेअरची नोकरी म्हणजे जन्माची निश्चिंती, हा समज आता सोडावा. टाटा कन्सल्टन्सीने २०२५ च्या जुलैत बारा हजारांहून अधिक माणसे कमी करण्याचे जाहीर केले, तेव्हा पुण्यातील ‘नाइट्स’ या संघटनेला केंद्रीय श्रममंत्र्यांकडे दाद मागावी लागली. वातानुकूलित खोलीत बसणाराही श्रमिकच असतो, हे त्या तरुणांना उशिरा उमगले. २०२२ नंतर तर आज्ञावलीचा पुष्कळ भाग यंत्रच लिहू लागले आहे. तरीही नवख्याला आत घेणारी दारे अद्याप सॉफ्टवेअरच्या बाजूला अधिक आहेत. डेटा सायन्सच्या चांगल्या जागा बहुधा पदव्युत्तर शिक्षण किंवा अनुभव मागतात. म्हणून ज्या घरात पैसा नाही, तेथील विद्यार्थ्याने शुल्कसवलतीत संगणक अभियांत्रिकी मिळत असेल तर ती घ्यावी आणि जोडीला संख्याशास्त्र कसून शिकावे. ‘आर्टिफिशिअल इंटेलिजन्स अँड डेटा सायन्स’ या नुसत्या नावासाठी जमीन गहाण टाकू नये. पहिल्या दोन वर्षांत दोन्ही शाखांना गणित आणि आज्ञावली जवळजवळ सारखीच शिकवतात.

ज्याला गणिताची खरी गोडी आहे, यंत्रापेक्षा ‘हा आकडा आला कुठून?’ हा प्रश्न ज्याला झोपू देत नाही, त्याची गोष्ट वेगळी. त्याने अभियांत्रिकीचा हट्टच धरू नये. संख्याशास्त्रातील बी.एस्सी. खाजगी अभियांत्रिकीच्या मानाने थोड्या खर्चात होते, पुढे एम.एस्सी.ला पुणे विद्यापीठ आहे. मद्रास आयआयटीने २०२० पासून घरी बसून करता येणारा डेटा सायन्सचा पदवी अभ्यासक्रम चालवला आहे. त्याला जेईईची अट नाही, पात्रता-परीक्षा आहे, आणि अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांना शुल्कात सूट आहे. सप्तशृंगीच्या परिसरातील आदिवासी पाड्यांवर हे अजून पोचलेले नाही. पोस्टर चिकटवण्याइतकेच हेही कार्यकर्त्याचे काम समजावे.

मुलींच्या बाबतीत एक गोष्ट विशेष जपावी. २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल आणि मागास प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत पूर्ण शुल्कमाफी आहे. पण ती शासनाच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून आलेल्यांनाच. आवडती शाखा हुकली म्हणून घाईने व्यवस्थापन कोट्यातून जागा घेतली, की माफी गेली. उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला अर्ज सुरू होण्याआधी हाती असावा लागतो, आणि तहसील कचेरीत तो काढायला किती खेटे पडतात हे येथे कोणाला सांगायला नको. ते काम निकालाची वाट न पाहता आधीच उरकून घ्यावे.