चमत्काराला साक्षीदार लागतो



‘सिनेमातले स्पेशल इफेक्ट्स’ असा विषय म्हटला की वक्ता संगणकापासून सुरुवात करणार, हे तुम्ही गृहीत धरलं असेल. मी एका जादूगारापासून सुरुवात करतो. रंगमंचावर तो ‘प्रोफेसर केळफा’ नावाने प्रयोग करायचा. अक्षरं उलटी वाचलीत की दादासाहेब फाळके समोर उभे राहतील.

फाळके जे. जे.मध्ये आणि बडोद्याच्या कलाभवनात शिकले. फोटोग्राफी केली, छपाईचा धंदा केला, जादूचे खेळ केले. तिकडे पॅरिसमध्ये सिनेमाकार जॉर्ज मेलिएसही मुळात जादूगारच. त्याचं स्वतःचं जादूचं थिएटर होतं. दोन वेगळ्या देशांतल्या दोन जादूगारांना सिनेमाची ओढ लागावी, याचं मला नवल वाटत नाही. रिकामी पेटी दाखवताना जादूगार प्रेक्षकांतल्या कुणाला तरी वर बोलावतो. ‘या, हात घालून बघा’ म्हणतो. तो माणूस चकित झाला की सगळं सभागृह चकित होतं. पडद्यावर मात्र असं कुणाला बोलावता येत नाही. मग हा बघणारा आणायचा कुठून? आजचं माझं सगळं म्हणणं या एका प्रश्नाभोवती आहे.

१९१२ साली फाळक्यांनी लंडनमध्ये कॅमेरा घेतला, पण भांडवल घालायला कोणी पुढे येईना. त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि तो उगवत असताना दिवसेंदिवस थोडं थोडं चित्रण करत राहिले. महिनाभराची वाढ पडद्यावर बघता बघता उरकली आणि पैसेवाल्यांची खात्री पटली. आज ज्याला टाइम लॅप्स म्हणतात, ते हेच. ही युक्ती उत्तम होती, पण तिच्यात गोष्ट नव्हती. ३ मे १९१३ला गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरमध्ये त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट लागला, तेव्हा युक्तीला गोष्ट मिळाली.

आता त्यांच्याच १९१८च्या ‘श्रीकृष्णजन्म’कडे या. त्याचा काही भाग आजही शिल्लक आहे. कंसाला आपला मृत्यू दिसू लागतो. त्याला चहूकडे कृष्ण दिसतात. त्याचं शिर धडावेगळं होतं, हवेत वर जातं आणि पुन्हा खाली येतं.

अशी दृश्यं त्या काळी कशी साधत असत? कॅमेरा हाताने दांडा फिरवून चालवायचा. नेहमीची गती सेकंदाला दोन फेरे, एका फेऱ्याला आठ चौकटी. पहिल्यांदा चित्रण करताना चौकटीतला हवा तो भाग काळा ठेवायचा. काळ्यावरून प्रकाश परत येत नाही, म्हणून फिल्मचा तेवढा भाग कोराच राहतो. मग भिंग झाकायचं, फेरे मोजत फिल्म मागे न्यायची आणि त्या कोऱ्या जागेत दुसरं चित्र घ्यायचं. मोजणीत चूक झाली किंवा कॅमेरा केसभर हलला, तर ते कळणार फिल्म धुतल्यावरच. तोवर नटाने दाढीमिशा काढून ठेवलेल्या!

पण हे शिर उडताना आपण हसत का नाही? कारण चमत्कार बघणारा चौकटीतच आहे. हे सगळं कंसाला दिसतंय, आणि त्याची भीती खरी आहे. जादूगाराने वर बोलावलेला तो माणूस फाळक्यांनी थेट पात्र करून टाकला.

पुढच्याच वर्षीच्या ‘कालियामर्दन’मध्ये कृष्ण झाली होती फाळक्यांची लहानगी मुलगी मंदाकिनी. चित्रपटाच्या सुरुवातीला फाळके तिचा नुसता चेहरा दाखवतात. ती एकामागून एक भाव करून दाखवते आणि मग त्याच चेहऱ्याचा कृष्ण होतो. म्हणजे ही पोर आहे, हे आधीच उघड केलेलं. तरीही पुढे ती कालियाशी झुंजते, तेव्हा आपला जीव वरखाली होतो. ‘हे खोटं आहे’ असं आधी सांगून मग रडवायचं, याला हिंमत लागते. आणि चेहऱ्यावर भरवसा लागतो.

हेच सूत्र सुमारे पंचाहत्तर वर्षांनी स्टीव्हन स्पीलबर्गने वापरलं. ‘जुरासिक पार्क’, १९९३. पहिला महाकाय डायनोसॉर येतो तेव्हा कॅमेरा आधी नायक डॉ. ग्रँटकडे बघतो. तो जीपमध्ये उभा राहतो, टोपी काढतो, गॉगल काढतो. शेजारी त्याची सहकारी एली हातातलं पान बघण्यात गुंतलेली. तिचं डोकं धरून तो वळवतो. ती आ वासते. डायनोसॉर आपल्याला दिसतो तो त्यानंतर. संगणकाने त्या प्राण्याला कातडी दिली, पण त्याची उंची आपण मोजतो ती या दोघांच्या चेहऱ्यांवरून.

तंत्र जुनं की नवं, हा वाद मला गौण वाटतो. आज चित्रपटांत अख्खी शहरं कोसळतात आणि आपण पॉपकॉर्न खात असतो. त्यात कारागिरांचा दोष नाही. ते रात्ररात्र जागून एकेक वीट रचत असतात. दोष लेखन-दिग्दर्शनाचा आहे. त्या शहरात राहणारं, ते कोसळताना बघणारं एकही माणूस आपल्या ओळखीचं करून दिलेलं नसतं. अभिनेता हिरव्या पडद्यासमोर एकटा उभा असतो आणि आपण काय बघतोय हे त्याचं त्यालाच नीट माहीत नसतं. मग आपल्याला काय दिसणार?

म्हणून निर्मात्यांना माझं एकच सांगणं आहे. व्हीएफएक्सचा खर्च मांडायच्या आधी पटकथेच्या समासात लिहा: हे कोण बघतंय, आणि बघून त्याचं काय होतंय? उत्तर सुचत नसेल तर ते दृश्य गाळा. पैसेही वाचतील.