बंधुमंडळाचे सभासद कसे व्हावे
(मुर्री येथे महोत्सवप्रसंगी प्रमुख धर्मगुरूंनी केलेले भाषण)



आजच्या मंगल दिवशी आपण परमेश्वराचे आभार मानिले. परंतु नुसत्या मुखाने आभार मानून भागत नाही. म्हणून संत व्हिन्सेंट दे पॉल ह्यांच्या नावाने चालणाऱ्या बंधुमंडळाचे सभासद कसे व्हावे, हे थोडक्यात सांगण्याचे योजिले आहे. पुष्कळ जण प्रथम विचारितात, "फादर, वर्गणी किती?" हा प्रश्न खरे पाहता शेवटचा आहे.

ह्या मंडळाचा जन्म २३ एप्रिल १८३३ रोजी पॅरिस शहरी झाला. फ्रेडरिक ओझानाम नामक विद्यार्थ्यास त्याच दिवशी वीस वर्षे पूर्ण झाली होती. तुमच्या धर्माने पूर्वी मोठी कामे केली, पण आज तो काय करितो, असा टोमणा त्यास एका वादसभेत ऐकावा लागला होता. प्रत्युत्तरादाखल तो सोबत्यांसह गरिबांच्या दारी गेला. गरिबांशी कसे वागावे, हे त्यांस सिस्टर रोझाली रेंद्यू ह्यांनी शिकविले. १८६३ साली हे मंडळ भारतात आले. पुढे १९९७ साली पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनी ओझानाम ह्यांस धन्य घोषित केले. ते धर्मगुरू नव्हते. पत्नी व कन्या असलेले प्राध्यापक होते. तेव्हा संसाराची सबब येथे चालत नाही!

आता रीत ऐका. मंडळाच्या स्थानिक शाखेस कॉन्फरन्स म्हणतात. तिच्या अध्यक्षांस भेटून आपली इच्छा सांगावी व सभांस नेमाने येऊ लागावे. सभा प्रार्थनेने आरंभते व प्रार्थनेनेच संपते. मध्यंतरी धार्मिक वाचन, भेटींचा वृत्तांत आणि साहाय्याचा विचार होतो. नंतर जाणत्या सभासदाबरोबर गरिबांच्या घरी जावे. ही भेट दोघांनी मिळून घ्यावयाची असते. सभेत एक थैली फिरते. तीत कोणी काय घातले हे कोणासही कळत नाही. वर्गणीच्या प्रश्नाचे उत्तर त्या थैलीत आहे.

सर्वांत कठीण अट मौनाची होय. पाहिलेले दारिद्र्य चावडीवर बोलावयाचे नाही. ही अट मी स्वतःच्या अपराधातून शिकलो. तरुणपणी एका रविवारी मिस्सानंतर मी नावे पुकारून तांदूळ वाटिले. एक मजूर मान खाली घालून पुढे आला, तांदूळ घेऊन गेला आणि पुन्हा कधी मिस्सास आला नाही. त्याच्या घरी जावयास मला तीन महिने लागले, तेव्हा दारास कुलूप होते. मी त्यास पोटभर अन्न दिले, पण त्याची लाज चारचौघांत उघडी केली. उजवा हात काय करितो हे डाव्यास कळू नये, असे प्रभूने का शिकविले, ते मला त्या कुलपाने सांगितले.

आपला हा मुलूख धानाचा. तरी रोवणी आटोपली की कापणीपर्यंत पुष्कळ मजुरांच्या हातास काम नसते. ज्यांनी भात लाविला, त्यांच्याच चुली थंड असतात. त्या दारांशी हळूच जाणारी दोन माणसे हवीत. आजच्या प्रार्थनेनंतर आपापल्या मनास विचारा, त्या दोघांत मी आहे काय?

प्रभू आपणा सर्वांस ते धैर्य व ती नम्रता देवो.