कुरकुरीत कोंबडीचा हिशोब

मागच्या वेळी आम्ही शेवग्याच्या पाल्याच्या पावडरीवर बोललो आणि आज एकदम तळलेल्या कोंबडीवर आलो, म्हणून हसू नका. ज्यांच्या गळ्यात माळ आहे त्यांनीही रेडिओ बंद करू नये. आमच्या गटात दोघी माळकरी आहेत आणि या सगळ्या प्रकरणाची वही त्यांनीच लिहिली. आम्ही खात होतो, त्या लिहीत होत्या. त्यामुळे आकडे तरी चोख आहेत.

झालं असं. आमचा गट ११ जणींचा. पापड, कुरडया, थोड्या चटण्या, असं चाललेलं. दिवाळीनंतर एक गृहस्थ आले, हातात चकचकीत कागद. म्हणाले, कुरकुरीत चिकनचं दुकान काढा. नाव आमचं, पाटी आमची, मसाल्याचं पीठ आमचं, बर्फातले तुकडे आमच्याकडूनच येतील, तुम्ही फक्त तळा आणि विका. अनामत आणि सामान मिळून ४ लाख ५० हजार. आता आमच्यातल्या एकीचा मुलगा बारावी करून दोन वर्षं घरीच होता. कर्ज गटाने काढायचं आणि दुकान त्याने चालवायचं, असं बोलणं सुरू झालं. त्या माऊलीचं तोंड बघून कुणाला नाही म्हणवेना.

शेवटी अध्यक्षा म्हणाल्या, "सही करायच्या आधी खाऊन तर बघू. आपण साडी घेताना चार दुकानं फिरतो."

मग आम्ही तीन ठिकाणं ठरवली. एक, पुण्यातलं मोठ्या कंपनीचं दुकान. दुसरं, या गृहस्थांच्याच पाटीचं तालुक्याला चालू असलेलं दुकान. तिसरा, स्टँडबाहेर संध्याकाळी लागणारा चिकन फ्रायचा गाडा. तिन्हीकडे एकच वस्तू घ्यायची, लेग पीस. नाहीतर एकीकडे लॉलीपॉप, एकीकडे सिक्स्टी फाइव्ह, तुलना कशी करणार? सोबत पापडाची पाकिटं भरायचा आमचा छोटा काटा घेतला. एस.टी.त तो काटा मांडीवर घेऊन बसलेल्या काकूंना कंडक्टरने विचारलं, सोनं घ्यायला निघालात का म्हणून.

पुण्याचं दुकान म्हणजे थंडगार, काचेचं. तिथे गेल्यावर आवाज खाली येतो आपोआप. पण तुकडा तोडला तेव्हा कबूल करावं लागलं: बाहेरून कडक, आत हाडापर्यंत रसाळ, मीठ आतपर्यंत उतरलेलं. आम्ही घरी तळतो तेव्हा एकतर बाहेर करपतं नाहीतर आत कच्चं राहतं. यांना कसं जमतं, हे आम्ही परत आल्यावर आमच्या सीआरपी ताईंकडून समजून घेतलं.

त्याची गोष्ट अशी. केएफसीच्या पाटीवर जो दाढीवाला म्हातारा दिसतो तो खरा माणूस होता, हारलँड सँडर्स. अमेरिकेत केंटकी राज्यात कॉर्बिन नावाच्या गावी १९३० पासून तो पेट्रोल पंपावर येणाऱ्या-जाणाऱ्यांना जेवण घालायचा. तव्यात कोंबडी तळायला अर्धा तास लागायचा, गिऱ्हाईक थांबत नसे. १९३९ च्या सुमाराला प्रेशर कुकर नवे आले होते, त्यात त्याने तेलात कोंबडी तळून बघितली. वाफ कोंडली जाते, त्यामुळे मांस लवकर शिजतं आणि कोरडं पडत नाही. पुढे १९५२ मध्ये ही पद्धत त्याने दुसऱ्या हॉटेलवाल्याला वापरायला दिली आणि तिथून पाटी वाटायचा धंदा सुरू झाला. भारतात त्यांचं पहिलं दुकान १९९५ मध्ये बेंगळुरूला आलं. म्हाताऱ्याने कंपनी १९६४ लाच विकली होती. पण नंतर तो दुकानांत जाऊन चव बघायचा आणि ग्रेव्ही बिघडवली म्हणून जाहीर बोलायचा. एका दुकानवाल्यांनी त्याच्यावर दावा लावला, तो ते हरले. आम्हाला हा म्हातारा आवडला.

इथे थांबून एक सांगतो, नीट ऐका. हे ऐकून कुणीही घरच्या कुकरमध्ये तेल घालून तळायला जाऊ नका. दुकानातलं यंत्र त्यासाठीच वेगळं बनवलेलं असतं. आपल्या कुकरचं रबर आणि झडप गरम तेलासाठी नाही. झाकण उडालं तर उकळतं तेल अंगावर येईल.

आता तालुक्याचं दुकान. पाटी झगमगीत, लाल-पिवळी, आत गाणी. लेग पीस केवढा मोठा! आमच्यातल्या दोघी खूश झाल्या. मुलाची आई तर म्हणाली, "बघा, पुण्यापेक्षा मोठा देतात." तोडला तर वरचं कवच खळकन निघून ताटात पडलं, अंड्याच्या टरफलासारखं. आतला तुकडा लहान, आणि हाडाजवळ मऊ, चिकट. बोटाला लालसर पाणी लागलं. खरं तर हाडाजवळ लाली दिसली म्हणजे कच्चंच, असं नाही. ब्रॉयलर कोंबडी दीड महिन्याच्या आत कापतात, तिची हाडं कोवळी असतात, गोठवलेल्या तुकड्यात हाडातला रंग बाहेर येतो. पण शिजलेल्या मांसाला तंतू सुटतात, ते सुटत नव्हते. आम्ही तुकडा परत दिला. मुलाने निमूट पुन्हा तेलात टाकला, ज्या चिमट्याने कच्चे तुकडे उचलत होता त्याच चिमट्याने बाहेर काढला. त्याला कुणी शिकवलंच नसेल. एकटा पोरगा होता, पैसेही तोच घेत होता.

गाड्यावर कवच नावालाच, बेसन आणि कॉर्नफ्लॉवरचा पातळ हात. चव झणझणीत, आपल्या जिभेची. पण रंग इतका लाल की रुमाल धुतला तरी डाग गेला नाही. हा मिरचीचा रंग नव्हे. काश्मिरी मिरचीने लाली येते, पण ती अशी पदराला चिकटून राहत नाही. शेजारच्या कर्नाटकात २०२४ च्या जूनमध्ये सरकारने कबाबात कृत्रिम रंग घालायला बंदी केली, ती तपासणीत असे नमुने सापडल्यावरच. गाडेवाल्या दादांना आम्ही विचारलं तर म्हणाले, "ताई, लाल नसेल तर गिऱ्हाईक शिळं म्हणतं." त्यांचंही खोटं नाही. आपणच लाल मागतो.

घरी येऊन काटा मांडला. प्रत्येक तुकड्याचं कवच, हाड आणि मांस वेगळं केलं. पुण्याचा तुकडा १०५ ग्रॅम, त्यात कवच २८, हाड २५, मांस ५२. किंमत १२५ रुपये. तालुक्याच्या दुकानाचा ९६ ग्रॅम, कवच ४४, हाड २०, मांस फक्त ३२. किंमत ८० रुपये. गाड्यावरचा ८८ ग्रॅम, कवच ११, हाड २२, मांस ५५. किंमत ६० रुपये. माळकरी आजींनी भागाकार केला आणि चष्मा काढून आमच्याकडे बघितलं. १०० ग्रॅम मांसाला पुण्यात २४० रुपये पडले, तालुक्याला २५०, गाड्यावर १०९. म्हणजे स्वस्त म्हणून घेतलेला मोठा तुकडा पुण्याच्या काचेच्या दुकानापेक्षा महाग निघाला. ८० रुपयांत आम्ही मुख्यतः तळलेला मैदा खाल्ला.

एकेकच तुकडा तोलला, दुसऱ्या दिवशी थोडा फरक निघेल, हे आम्हाला मान्य आहे. पण दीडपट कवच काही एका दिवसाची चूक नसते.

आणि आता तेल, ज्यासाठी खरं म्हणजे आज बोलायला बसलो. तालुक्याच्या दुकानात तळणीतलं तेल काकवीसारखं काळं होतं. तुकडा टाकला की बारीक फेस वर येऊन तसाच राहायचा, आणि धुराने डोळे चुरचुरत होते. चांगल्या तेलात मोठे बुडबुडे येतात आणि विरतात. तेल पुन्हा पुन्हा तापलं की ते मोडतं, त्यात नको ते पदार्थ साठतात. आपल्या देशात नियम आहे, १ जुलै २०१८ पासून लागू: अशा पदार्थांचं प्रमाण २५ टक्क्यांच्या वर गेलं की ते तेल वापरायचं नाही. ते मोजायचं यंत्र आपल्याकडे नसतं, पण रंग, फेस, धूर आणि बोटांना लागणारा चिकटपणा कळतो. जाड पिठाचं कवच असेल तर तेल आणखी लवकर मरतं, कारण झडलेलं पीठ तळाशी बसून जळत राहतं.

आम्हाला वाटलं, पोरगा आळशी असेल, तेल बदलत नसेल. मग त्या गृहस्थांनी दिलेला चकचकीत कागद पुन्हा काढला. त्यात महिन्याचा खर्च लिहिला होता: भाडं, वीज, पगार, तुकडे, पीठ, बँकेचा हप्ता. तेलाच्या नावापुढे १५ लिटरचे दोन डबे. महिन्याला! त्या तळणीत एका वेळी १४ लिटर तेल बसतं, हे त्यांनीच सांगितलेलं. म्हणजे महिन्यातून दोनदा तेल बदलायचं. आम्ही धरलं, रोज गाळूनसुद्धा पाच दिवसांच्या वर ते ठेवू नये. महिन्याला सहा वेळा, ८४ लिटर. आमच्याकडे १४० रुपये लिटरचा भाव होता, म्हणजे ११,७६०. त्यांच्या कागदावर ४,२००. फरक ७,५६० रुपयांचा. आणि कागदावर शेवटी उरणारा नफा किती? ९,००० रुपये. त्यातून हे वजा केले तर उरतात १,४४०.

तेव्हा आम्ही गप्प झालो. काळं तेल त्या पोराच्या आळसातून येत नव्हतं, कागदातूनच येत होतं. आमच्या मुलाने ते दुकान घेतलं असतं तर एकतर त्याने तेच काळं तेल लोकांच्या पोरांना खाऊ घातलं असतं, नाहीतर आमचा हप्ता थकला असता.

बैठक रात्री साडेअकरापर्यंत चालली. नऊ जणी नको म्हणाल्या, एक तटस्थ राहिली. मुलाची आई उठून गेली. तिचंही चूक नव्हतं. "तुम्ही तेल मोजत बसा, माझ्या पोराची वर्षं कोण मोजतंय," असं ती दारातून म्हणाली. ते आम्ही वहीत लिहिलं नाही, पण सगळ्यांना पाठ आहे.

दोन महिन्यांनी आम्ही स्वतःचा छोटा गाडा काढला, फक्त रविवारच्या बाजाराला. अन्न खात्याची नोंदणी केली, वर्षाची फी १०० रुपये भरली. पुण्याच्या चवीतलं आम्हाला जे घेता आलं ते घेतलं: तुकडे आदल्या रात्री मीठ घातलेल्या ताकात बुडवून ठेवतो, त्यामुळे मीठ आत जातं आणि मांस मऊ राहतं. ज्यांच्याकडे फ्रीज आहे त्या घरीच ठेवतो, बाहेर नाही. कवच पातळ, तांदळाचं पीठ आणि कॉर्नफ्लॉवर. रंग नाही, काश्मिरी मिरची. दोनदा तळतो. पहिल्यांदा मध्यम आचेवर शिजेपर्यंत, मग काढून पाच-सात मिनिटं थांबायचं आणि गिऱ्हाईक आलं की मोठ्या आचेवर कुरकुरीत करायचं. टोचून बघायचा थर्मामीटर घेतला आहे. पहिल्या तळणीलाच तुकड्याच्या जाड भागात, हाडाला न टेकवता, ७४ अंश सेल्सिअस दाखवल्याशिवाय तुकडा खाली उतरत नाही. चिमटे दोन, कच्च्याला लाल दोरा बांधलेला. गावठी कोंबडीची मागणी खूप होते, पण ती तळायला निबर पडते, तिचा रस्साच करावा. कढई लहान, ३ लिटरची. रविवार संपला की तेल संपलं, दुसऱ्या रविवारी नवं.

पहिले तीन रविवार लाल नाही म्हणून लोक पुढे गेले. चौथ्या रविवारी शाळेतले गुरुजी थांबले, मग जरा जमलं. आता खर्च जाऊन रविवारी बाराशे-चौदाशे रुपये उरतात. त्यातून एका मुलाचं पोट भरत नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. तो मुलगा रविवारी आमच्याकडे तळायला उभा राहतो, बाकी दिवस पोल्ट्रीवर जातो. हात चांगला आहे त्याचा. त्याची आई अजून गाड्याकडे येत नाही, पण ताक तिच्याच घरून येतं.

बाजाराला आलात तर मारुतीच्या देवळापलीकडे, भांड्यांच्या दुकानाशेजारी आम्ही असतो. आधी कढईच्या बाजूने या, तेल बघा, मग सांगा किती द्यायचे ते.