मनगटावरचा आकडा आणि घरातले आरोग्य



पहाटे विरारहून सुटणाऱ्या लोकलच्या डब्यात आज एक नवे दृश्य दिसते. पूर्वी मनगटावरचे घड्याळ गाडीची वेळ तेवढी सांगत असे. आता काल पावले किती पडली, झोप किती झाली, नाडीचे ठोके किती, याचाही हिशेब ते देते. वसई-विरारच्या मध्यमवर्गीय घरांत ही सवय विशेषत्वाने रुजली ती २०२०-२१च्या महामारीत. बोटाला चिमटा लावून रक्तातील प्राणवायू मोजणे त्या काळी घरोघरचे नित्यकर्म झाले होते. धाप लागण्याआधीच धोक्याची सूचना देण्याचे सामर्थ्य त्या इवल्या यंत्रात होते. ‘ई-संजीवनी’ या शासकीय सेवेमुळे एप्रिल २०२०पासून घरबसल्या वैद्यकीय सल्लाही मिळू लागला. गुडघेदुखीने जर्जर झालेल्या आजींना गर्दीच्या गाडीतून परळपर्यंत न्यावे लागत नसेल, तर त्या यंत्राला नावे ठेवण्याचे कारण नाही.

प्रश्न यंत्राचा नाही. यंत्र आपल्या हाती आहे की आपण यंत्राच्या हाती, हा आहे.

दहा हजार पावलांचेच पाहा. हा आकडा कोणा वैद्याने ठरविलेला नाही. १९६४च्या टोकियो ऑलिंपिकनंतर, १९६५मध्ये जपानमध्ये पावले मोजणारे एक उपकरण बाजारात आले. त्याच्या नावाचा अर्थच ‘दहा हजार पावलांचे मापक’ असा होता. विक्रीसाठी घेतलेले नाव पुढे जगाचा आरोग्यनियम होऊन बसले! २०१९मध्ये अमेरिकेतील वयस्क स्त्रियांच्या पाहणीत सुमारे ४,४०० पावलांपासूनच लाभ दिसला आणि ७,५००च्या आसपास तो स्थिरावला. आपल्याकडे वाग्भटाने ‘अष्टांगहृदया’त दिनचर्या व ऋतुचर्या यांसाठी स्वतंत्र अध्याय लिहिले. व्यायाम अर्ध्या शक्तीने करावा, तोही थंडीत व वसंतात. इतर ऋतूंत त्याहून कमी, असे त्याने सांगितले. त्याचे माप माणसागणिक आणि ऋतूगणिक बदलणारे होते. यंत्राचे माप मात्र वीस वर्षांच्या तरुणाला आणि सत्तरीच्या आजोबांना एकच.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. सुई न टोचता रक्तशर्करा मोजण्याचा दावा करणारी घड्याळे व अंगठ्या बाजारात आल्या. अशा एकाही उपकरणाला आपण मान्यता दिलेली नाही, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४मध्ये दिला. चुकीच्या आकड्यावर विसंबून कोणी इन्सुलिनची मात्रा वाढविली, तर प्राणाशी गाठ आहे. तीच गत औषधांची. गेल्या वर्षीच्या चिठ्ठीचे छायाचित्र पाठवून प्रतिजैविके मागवायची, दोन दिवसांत ताप उतरला की गोळ्या कपाटात ठेवायच्या, हे सोयीचे वाटते. परंतु त्यातून जंतू औषधाला दाद देईनासे होतात आणि त्याची किंमत शेजाऱ्याच्या मुलालाही मोजावी लागते. घराची तीन पिढ्यांची प्रकृती ओळखणारे डॉक्टर स्टेशनजवळच्या दवाखान्यात बसलेले असताना त्यांना टाळून बोटाने औषध मागविणे ही प्रगती नव्हे.

तिसरी गोष्ट माहितीची. २०२१पासून ‘आभा’चा चौदा अंकी क्रमांक काढता येतो आणि जुने अहवाल एकत्र ठेवता येतात. सोय उत्तम आहे. मात्र संमती कोणाला व कशासाठी देतो, हे वाचल्यावाचून होकार देऊ नये. आपल्या आजाराची नोंद ही घरातल्या तिजोरीइतकीच जपण्याची वस्तू आहे.

शेवटी, आपल्याच पालघर जिल्ह्यातील जव्हार-मोखाड्याकडे पाहू. वसईत झोपेचे तास मोजले जात असताना तिथल्या पाड्यावरच्या मातेला बाळाचे वजन वाढते आहे ना, याची चिंता असते. तिच्यासाठी तंत्रज्ञान म्हणजे अंगणवाडीतला चालू स्थितीतला वजनकाटा आणि वेळेवर येणारी रुग्णवाहिका. आरोग्याचे तंत्रज्ञान तिथवर पोहोचेल, तेव्हाच त्याला समाजाचे म्हणता येईल.

म्हणून प्रत्येकाने एक छोटे काम अंगावर घ्यावे. आपल्या इमारतीत मुले परदेशी असलेले एखादे वृद्ध दांपत्य असेलच. त्यांच्याकडे आठवड्यातून एकदा जावे, दूरध्वनीवरून डॉक्टरांशी कसे बोलायचे ते शिकवावे, गोळ्यांच्या तारखा तपासाव्यात आणि मग घटकाभर गप्पा मारीत बसावे. एकाकीपणाचे माप दाखविणारा आकडा कोणत्याही घड्याळात उमटत नाही. तो दार उघडणाऱ्या आजोबांच्या चेहऱ्यावरच वाचावा लागतो.